कोटणीस झाले 'ह्वा'

चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव 'के दिहुआ' असे छापलेले दिसते. त्याचा अर्थ काय आणि ते 'कोटणीस'वरून कसे आले, असा प्रश्न आहे.

आधी उच्चार पाहू, कारण घोळ तिथेच आहे. 'के दिहुआ' हे रोमन लेखनावरून उतरवलेले रूप. चिनीच्या त्या लेखनात 'के' हे अक्षर ख-साठी आणि 'डी' हे अल्पप्राण त-साठी योजतात. ओठ गोल न करता 'खो' म्हणून पाहा आणि पुढे 'ती-ह्वा' जोडा. आता 'कोट'मधला को आणि ट दोन्ही सापडतात.

चिनीत आडनाव आधी. पहिले अक्षर हे तिथले खरेखुरे आडनाव आहे; शब्दशः अर्थ कुऱ्हाडीचा दांडा, फांदी असाही. आपल्या 'कोटणीस'मधला 'णीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांतलाच. चिनी नावात तो गळाला आणि त्याच्या जागी 'ह्वा' आले.

हे 'ह्वा' ध्वनी जुळवायला आलेले नाही. चीनसाठी वापरतात ते हे अक्षर. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या (अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी) चिनी नावांच्या शेवटी तेच आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मधले अक्षर. 'ती' हे एका फुलझाडाचे नाव. लिहिताना पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला झाडाचे चिन्ह येते, आणि 'ह्वा'चा जुना अर्थ आहे फूल. म्हणजे 'ती-ह्वा' झाले त्या झाडाचे फूल. 'शी-चिंग' या प्राचीन चिनी काव्यसंग्रहात याच फुलांनी सुरू होणारी, भावाभावांच्या मायेची एक कविता आहे. तेव्हापासून 'ती-ह्वा' म्हटले की जुने वाङ्मय वाचलेल्या चिनी माणसाला भाऊ आठवतात. सोलापूरच्या माणसाला याहून शोभणारे नाव मला सुचत नाही.

ऑगस्ट 1942 मध्ये कोटणीसांना मुलगा झाला. त्याचे नाव यिन-ह्वा. 'यिन' हे भारताच्या चिनी नावाचे, 'यिन-तू'चे, पहिले अक्षर. 'ह्वा' वडिलांच्या नावातलेच. 9 डिसेंबरला कोटणीस गेले, तेव्हा यिन-ह्वा चार महिन्यांचाही नव्हता.