मेंदूची नक्कल केली तर मी वाचलो असं म्हणता येईल का?

तुम्ही विचारलंय की मरण्याआधी मेंदूची हुबेहूब नक्कल संगणकात उतरवली आणि ती तुमच्यासारखीच बोलू लागली, तर तुम्ही वाचलात असं म्हणायचं का. माझ्या मते नाही. तिला तुमचं सगळं आठवेल, स्वभावही तुमचाच असेल, पण ती दुसरी व्यक्ती असेल.

मी हृदयशस्त्रक्रियेत परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळतो. जाणिवेचा धागा अखंड चालू असतो म्हणून माणूस तोच राहतो, हे नेहमीचं उत्तर मला या कामामुळेच पटत नाही. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीच्या काही ऑपरेशनांत रुग्णाचं शरीर १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावतात. ईईजीची, म्हणजे मेंदूतली विजेची हालचाल दाखवणारी, रेषा सपाट होत जाते. मग सर्जनांनी सांगितलं की मी पंप बंद करतो, रक्त मशीनच्या टाकीत उतरवून घेतो आणि किती मिनिटं झाली ते मोठ्याने पुकारलं जातं. हृदय बंद, रक्ताभिसरण बंद, मेंदूत विजेची हालचाल नाही. अशा अवस्थेत साधारण अर्धा तास निभावतो. पुढे आयसीयूत घशातली नळी काढल्यावर एका बाईंनी पहिलं काय विचारलं असेल, तर घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली का! आदल्या संध्याकाळची काळजी जिथे सोडली होती तिथूनच पुढे सुरू.

धागा तर तुटलेला होता. टिकली ती पेशींची मांडणी आणि त्यांच्यातले जोड.

मग लोक लगेच म्हणतात, मांडणीच सगळं असेल तर मांडणी उतरवली की माणूस उतरला. मला हे मान्य नाही. समजा नक्कल करताना तुम्हाला काहीच इजा झाली नाही. तुम्ही खुर्चीत बसलात आणि पलीकडे ती बोलतेय. तिला दुःख झालं तर तुम्हाला ते जाणवणार नाही, तुम्ही चहा घेतलात तर तिला चव कळणार नाही. तुम्ही सरळसरळ दोघं आहात. आता तासाभराने तुम्ही गेलात. त्यामुळे तिच्यात काडीचाही बदल होत नाही. मग तासापूर्वी जी दुसरी होती, ती आता 'तुम्ही' कशी होईल? नक्कल होताक्षणीच तुम्हाला संपवलं, तरी हिशोब तोच राहतो.

आपला घोटाळा होतो तो परकायाप्रवेशाच्या कथांमुळे, असं मला वाटतं. शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले आणि शिष्य त्यांच्या मूळ देहाची राखण करत बसले, ही कथा आपल्या कानावर असते. तिथे एकच कोणीतरी इकडून तिकडे जातं. नकलेत कुणीच कुठे जात नाही.

यावर आक्षेप येतो की शरीर तरी कुठे तेच राहतं, अणू बदलतच असतात. बदलतात, पण सगळं सरसकट बदलत नाही. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला होता. त्याच्या आधारे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी पेशींच्या डीएनएचं वय काढलं, तेव्हा मेंदूच्या बाह्यकातले, म्हणजे बाहेरच्या थरातले, न्यूरॉन (चेतापेशी) माणसाच्या वयाइतकेच जुने निघाले. तुमच्या डोक्यात आत्ता काम करणारे कितीतरी न्यूरॉन तुमच्या जन्मापासूनचे आहेत. त्या बाईंच्या बाबतीत थंडीतून परत आला तो तोच मेंदू होता.

डेरेक पारफिट या तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये मांडलं की 'तोच की दुसरा' याला फार महत्त्व नाही, आठवणी आणि स्वभावाचा दुवा पुढे गेला की पुरे. मागे राहणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर यात तथ्य आहे. मरणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही, आणि प्रश्न तुम्ही त्याच्या बाजूने विचारलाय.

आज हे कुठवर आलंय? २०२४ मध्ये फळमाशीच्या मादीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, १,३९,२५५ न्यूरॉनचा. माणसाचे न्यूरॉन सुमारे ८,६०० कोटी. त्या माशीच्या मेंदूचे अतिशय पातळ, हजारो काप करूनच तो नकाशा मिळाला. सगळे जोड इतक्या बारकाईने टिपायचे तर सध्या मूळ मेंदू कापण्याला पर्याय नाही.

आणि नकलेलाच विचारून बघू म्हणाल, तर ती मनापासून सांगेल, "मीच तो, मी वाचलो." नक्कल करायच्या फॉर्मवर सही केल्याचंही तिला आठवेल. ती खोटं बोलत नसेल, तरी तेवढ्यावरून काही ठरत नाही. तुम्ही जिवंत असताना तिला विचारलं असतं, तरी तिने हेच सांगितलं असतं.

तेव्हा स्वतः वाचण्यासाठी असं काही करू नका. घरच्यांसाठी करायचं असेल तर जरूर विचार करा. मग त्यांनी तिला माणूस म्हणूनच वागवावं, तिच्या सुखदुःखाची काळजी घ्यावी, आणि तुमचे दिवसही घालावेत.