मातीचा ट्रे आणि पाव गोळी

प्रश्न : आमच्या गॅलरीत मोठ्या पिंजऱ्यात सहा लव्हबर्ड आहेत. त्यांना मोकळं वाटावं म्हणून तळाच्या ट्रेमध्ये कुंडीतली माती पसरली आहे. पावसाळ्यात एक पक्षी गेला. दुसरा दिवसभर राळे टिपतो, तरी सुकत चाललाय. परवा विष्ठेत दोऱ्यासारखा पांढरा जंत दिसला. शेजारच्या काकू म्हणतात, मुलांना देतो ती जंताची गोळी पाव भाग पाण्यात विरघळवा. देऊ का? नातू पिंजऱ्यात हात घालतो, त्यालाही होतील का?
— एक आजी, सहकारनगर, पुणे

उत्तर : आजी, गोळी डब्यातच राहू द्या. मुलांची ती गोळी बहुधा 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची असते. आपल्या दुकानांत लव्हबर्ड म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर, वजन जेमतेम 35 ग्रॅम. म्हणजे 35 किलोच्या मुलाचा हजारावा भाग! काकूंचा ‘पाव’ कुठल्या कुठे जातो बघा. शिवाय कबुतरं आणि होल्यांमध्ये या गटातल्या औषधांनी अस्थिमज्जा बिघडून पक्षी दगावले आहेत, आणि पिसं गाळताना दिली तर नवी पिसं वेडीवाकडी येतात.

पाण्यातून औषध देण्याची चूक मी स्वतः पशुवैद्यकीच्या उमेदवारीच्या काळात केली आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, पाणी अगदी थोडं पितो. त्यातून पाणी कडू. दोघं प्यायले, बाकीच्यांनी वाटीकडे पाठ फिरवली. कुणाच्या पोटात किती गेलं, देव जाणे. तेव्हापासून मी प्रत्येक पक्षी वजन करून चोचीतूनच औषध देते.

तुम्ही पाहिलात तो बहुधा गोल जंत, पण सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा पाहिल्याशिवाय मी नाव घेणार नाही. जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया या डोळ्यांना न दिसणाऱ्या आतड्यातल्या परजीवींनीही पक्षी असाच वाळतो, आणि त्यांची औषधं वेगळी. जंतांची अंडी विष्ठेतून रोज पडत नाहीत, म्हणून तीन दिवसांची विष्ठा हवी. रात्री ट्रेवर बटर पेपर घाला आणि सकाळची विष्ठा झाकणाच्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा (डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर घरात महाभारत होईल). तिसऱ्या दिवशीची मात्र ताजीच आणा, जिआर्डिया शिळ्या विष्ठेत सहजी सापडत नाही. नुसती पातळ विष्ठा दिसली म्हणून घाबरू नका. काकडी खाल्ली तरी तसं होतं. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं, तर मात्र त्याच दिवशी निघा.

आता खरा गुन्हेगार : तुमची माती. गोल जंताची अंडी विष्ठेतून पडल्या पडल्या बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती तयार होतात. पावसाळ्यात आपल्या गॅलऱ्यांत दोन्हीची कमतरता नसते. खाली सांडलेले राळे टिपताना पक्षी तीच अंडी गिळतो. फिनाइलला ती दाद देत नाहीत, उलट त्याच्या वासाने पक्ष्यालाच त्रास. माती टाकून द्या, कुंडीत परत नको. पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवून ट्रे खरवडा, उकळतं पाणी ओता, उन्हात खडखडीत वाळवा. ट्रेच्या दोन-तीन इंच वर जाळी बसवा आणि कागद रोज बदला. वरून पत्रा टाका, कठड्यावरच्या कबुतरांची घाण आत पडायला नको. औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी विष्ठा पुन्हा तपासायची. हे राहिलं, तर औषध वाया.

नातवाला हे गोल जंत होत नाहीत. तरी पक्ष्यांकडून साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू येऊ शकतात, तेव्हा साबणाने हात धुवायला लावा आणि ट्रे त्याला साफ करू देऊ नका.

आणि दवाखान्यात येताना पिंजरा त्याच दिवशी घासूनपुसून आणू नका. पुण्यात हे हटकून होतं, आणि मग मला बघायला काही उरतच नाही.