वाचकांचे प्रश्न : कंपनी बुडाली, तर रुळावरच्या गाडीचं काय?

प्रश्न : माझे मामा सत्तरच्या दशकात जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला होते. परत येताना त्यांनी मेर्क्लिन कंपनीच्या छोट्या आगगाड्या आणल्या होत्या. मामांच्या पश्चात मामींनी त्या पेट्या माझ्याकडे दिल्या. तीन इंजिनं आहेत, बरेच डबे, पत्र्याचे रूळ आणि एक निळा ट्रान्सफॉर्मर. माझा मुलगा म्हणतो, ती कंपनी कधीच दिवाळखोरीत निघाली, आता सुटे भाग मिळणार नाहीत, विकून टाकू. मला विकवत नाही. कंपनीचं नक्की काय झालं? आणि ट्रान्सफॉर्मर लावून बघू का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, आधी ट्रान्सफॉर्मरचं सांगतो, कारण त्यात धोका आहे. तो प्लगमध्ये घालू नका. त्या काळचे हे ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी बनवलेले. आपल्या घरात २३० येतात, रात्री भार कमी झाला की त्याहून जास्त. मेर्क्लिनच्या जुन्या गाड्या १६ व्होल्टपर्यंतच्या एसी विजेवर धावतात आणि दिशा बदलायला त्याच रुळातून २४ व्होल्टचा एक झटका दिला जातो. आत येणारी वीज वाढली की हा झटकाही वाढतो आणि इंजिनातली दिशा बदलणारी कॉइल जळू शकते. शिवाय इतक्या वर्षांत वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असणार, आणि तो डबा लहान मुलांच्या हाताखाली येणार. एखाद्या जाणकार इलेक्ट्रिशियनला उघडून दाखवा, नाहीतर आजच्या विजेसाठी बनवलेला दुसरा घ्या.

इंजिनही लगेच पळवू नका. वर्षानुवर्षं न फिरलेल्या इंजिनात तेल चिकट होऊन गिअर धरून ठेवतं. जुनं तेल पुसून काढा, सुईच्या टोकाएवढं नवं तेल द्या, कार्बन ब्रश किती झिजलेत ते बघा, चाकांवरची रबरी कडी तडकली असतील तर बदला. हे सगळे भाग आजही मिळतात. रुळाच्या मध्यावर टिकल्या असतात, त्यांवरून वीज घेणारी पट्टी इंजिनाच्या पोटाखाली असते, तीही मिळते. या कंपनीने या आकाराच्या गाड्यांत रुळाच्या मध्यातून वीज घेण्याची पद्धत कधी सोडली नाही, म्हणून मामांची इंजिनं आज दुकानात मिळणाऱ्या नव्या रुळांवरही धावतील. पत्र्याचा जुना रूळ नव्याला जोडायचा खास तुकडासुद्धा त्यांनी काढला आहे.

आता मुलाच्या म्हणण्याबद्दल. दिवाळखोरी झाली हे खरं. कंपनी संपली हे खरं नाही, आणि का संपली नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

श्टुटगार्टपासून रेल्वेने फार लांब नसलेल्या ग्योपिंगेन गावात १८५९ मध्ये टेओडोर मेर्क्लिन या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची भांडी बनवायला सुरुवात केली. १८६६ मध्ये तो वारला. त्याची बायको कारोलिने त्याआधीही गावोगाव फिरून माल विकायची, पुढे तिनेच धंदा तगवला. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची आगगाडी मांडली, तीसुद्धा ठरावीक मापाच्या रुळांसह, म्हणजे दर वर्षी नवा तुकडा घेऊन रूळ वाढवता येतील. या छंदाचा जन्म त्या विचारात आहे असं मी मानतो. तुमच्या मामांकडची गाडी बहुधा १:८७ प्रमाणाची असेल. त्या आकाराची मालिका १९३५ मध्ये आली. तळहातावर मावणारी १:२२० ची गाडी १९७२ ची.

बराच काळ तीन घराण्यांकडे राहिलेली ही कंपनी २००६ मध्ये वारसांनी किंग्जब्रिज कॅपिटल या ब्रिटिश गुंतवणूक कंपनीला विकली. धंदा तेव्हाही अडचणीत होता. मुलं संगणकाकडे वळली होती, ग्राहकांचं वय वाढत होतं, किमती चढत होत्या. पण २००९ साली ४ फेब्रुवारीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला म्हणून. ते वर्ष कंपनीच्या दीडशेव्या वाढदिवसाचं, आणि दुसऱ्याच दिवशी न्यूर्नबर्गला खेळण्यांची जगातली सगळ्यात मोठी जत्रा सुरू होत होती. न्यायालयाने नेमलेले व्यवस्थापक मिखाएल प्लुटा यांनी हिशेब उघडले, तेव्हा मधल्या तीन वर्षांत सल्लागारांच्या मानधनावर कोट्यवधी युरो गेल्याचं बाहेर आलं. मुलांना मोबाइल आवडतो म्हणून कारखाना बुडाला, हे सोपं उत्तर मला म्हणूनच पटत नाही. जो कारखाना माल विकत होता, त्याचा पैसा वरच्या मजल्यावर जिरत होता.

प्लुटांनी कारखाना चालू ठेवला, हे महत्त्वाचं. ग्योपिंगेनचा आणि हंगेरीतल्या ग्यॉरचा, दोन्ही. नोकऱ्या गेल्या, मालिका छाटल्या, पण चीनमध्ये करून घेतलेलं बरंच काम या दोन गावांत परत आणलं. वर्षभरात कंपनी नफ्यात आल्याचं जाहीर झालं, डिसेंबर २०१० मध्ये धनकोंनी योजना मान्य केली आणि २०१३ मध्ये फ्यूर्थच्या सिंबा-डिकी या खेळणी उद्योगाच्या मालकांनी, मिखाएल आणि फ्लोरियान झीबर या पितापुत्रांनी, ती घेतली. आजही ती चालू आहे.

तेव्हा विकू नका, ताई. कोथरूडमध्येच जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुलाला एकदा तिथे घेऊन जा, मग पेटी उघडा.

प्रश्न : मी चिंचवडला एका छोट्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर होतो. आम्ही खेळण्यांचे सुटे भाग बनवायचो. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, चार महिन्यांचा पगार अडकला. तुमच्या सदरात कंपनी बुडाली की संग्राहकांच्या दुःखाबद्दल वाचतो. मशीनवरच्या माणसाचं काय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दादा, मी स्वतः पिंपरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेला माणूस, नंतर जर्मनीत साच्यांवरच काम केलं. तुमच्या प्रश्नाला जागा देणं माझं कर्तव्य आहे.

आधी करायचं ते. दिवाळखोरी कायदा २०१६ चा आहे. न्यायाधिकरणाने कंपनीचा कारभार बघायला नेमलेला व्यावसायिक वर्तमानपत्रात जाहिरात देतो, त्यात दावे कधीपर्यंत द्यायचे ते असतं. कामगार आणि कर्मचाऱ्यांचा अर्ज ‘डी’ नमुन्यात असतो. तो तुम्ही स्वतः भरू शकता, किंवा सगळ्यांच्या वतीने एक प्रतिनिधी ‘ई’ नमुन्यात भरू शकतो. पगाराच्या पावत्या, बँकेच्या पासबुकातल्या जुन्या नोंदी, हजेरी कार्ड, ओळखपत्र, जे असेल ते जोडा. मुदत टळली असली तरी अर्ज द्या, उशिरा का दिला ते लिहा. कंपनी मोडीत काढायची वेळ आली, तर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतला पैसा कंपनीच्या मालमत्तेत धरतच नाहीत, तो तुमचा. कंपनीने निधीत भरणाच केला नसेल, तर भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात वेगळी तक्रार करा, आजच.

जर्मनीत एक सोय आहे ती आपल्याकडे नाही, आणि ती हवी असं मला मनापासून वाटतं. मालक दिवाळखोरीत गेला, तर आधीच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार सरकारी रोजगार संस्था देते. त्यासाठीचा निधी मालकांच्याच वर्गणीतून उभा राहतो. घरभाडं आणि मुलांची फी तेवढ्याने सुटते, आणि व्यवस्थापकालाही कारखाना चालू ठेवून गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळतो. माणसं उपाशी पांगली, तर नंतर कितीही चांगला खरेदीदार आला तरी काय घेणार?

हे मी टूलरूमच्या अनुभवावरून म्हणतो. जस्ताच्या मिश्रधातूत इंजिनाचं अंग ओतायचा साचा म्हणजे नुसतं पोलाद नसतं. कुठल्या कोपऱ्यात हवा अडकते, धातू किती तापला की कडेला पातळ पापुद्रा येतो, कुठली सरकती फळी हिवाळ्यात आवळते, हे मशीनवरच्या माणसाला ठाऊक असतं आणि ते नकाशावर लिहिलेलं नसतं. इटलीतल्या लिमा आणि रिवारोसी या छोट्या आगगाड्यांच्या नावाजलेल्या कंपन्या कोसळल्या, तेव्हा २००४ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने नावं आणि साचे घेतले आणि उत्पादन चीनला गेलं. संग्राहकाला त्या नावाचं इंजिन आजही मिळतं. इटलीतल्या कामगाराला त्यातलं काहीच मिळालं नाही. मेर्क्लिनमध्येही सगळं गोड झालं असं नाही: ग्योपिंगेनमध्ये कपात झाली, आणि सोन्नेबर्गचा कारखाना तर दिवाळखोरीच्या आधीच बंद केला होता.

या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत हा धंदाच हादरला होता. ऑस्ट्रियाची रोको २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, बागेत चालवायच्या मोठ्या गाड्या करणारी न्यूर्नबर्गची लेमान २००६ मध्ये. लेमानच्या गाड्या पुढच्या वर्षी मेर्क्लिनने घेतल्या, म्हणजे स्वतः बुडायच्या दोन वर्षं आधी. प्रत्येक वेळी छंदवाले विचारत होते, माझ्या इंजिनाचे भाग कोण करणार? तो प्रश्न स्वार्थाचा नाही, दादा, असं माझं मत आहे. भाग करणारा माणूस कारखान्यात राहिला तरच भाग मिळतात. तुम्हाला पगार मिळावा यासाठी संग्राहकांनीही आवाज काढायला हवा.

तुमचा अर्ज भरताना अडलं तर या सदराच्या नावे पत्र पाठवा. संघटना असेल तर आधी तिच्याकडे जा.

प्रश्न : एका दुकानदाराकडे मर्यादित संख्येत निघणारं इंजिन नोंदवायचं आहे. तो पूर्ण रक्कम आगाऊ मागतो. द्यावी का? – डोंबिवलीचा वाचक

उत्तर : पूर्ण देऊ नका. दुकान किंवा कंपनी बुडाली, तर आगाऊ पैसे दिलेला ग्राहक विनातारण धनकोंच्या रांगेत उभा राहतो, आणि तिथपर्यंत बहुतेक वेळा काही उरत नाही. थोडी अनामत द्या, बाकी इंजिन हातात आल्यावर. अनामतीची पावती घ्या, त्यावर इंजिनाचा क्रमांक आणि देण्याची तारीख लिहून घ्या. दुकानदार याला तयार नसेल, तर दुसरा बघा.