दोन वर्षं कंबर दुखतेय, डॉक्टर म्हणतात सायकॉलॉजिस्टला भेटा. म्हणजे दुखणं मनाचंच आहे का?

नाही. दुखणं खरंच आहे, आणि हा सल्ला म्हणजे नाटक केल्याचा ठपका नव्हे. ३ महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात बरेचदा मूळ इजा भरून येते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसते. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतात आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे भीती, ताण, अपुरी झोप यांनी दुखणं वाढतं.

थेरपीत नेमकं काय करतात? समजा, बरं वाटलं म्हणून तुम्ही एका दिवसात धुणं, झाडलोट, माळा सगळं उरकलंत आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. हे चक्र तोडायला शिकवतात: दहा मिनिटं काम, मग विसावा, दुखायच्या आधीच थांबायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. ‘वाकलो तर मणका सरकेल’ या धास्तीवरही काम होतं, कारण हालचाल टाळून स्नायू आणखी दुबळे होतात.

वेदना पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. कमी होते, पण सरासरी थोडीच. झोप आणि रोजची कामं सुधारली तरी खूप मिळवलं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी अशी थेरपी, सुचवली आहे.

औषधं, व्यायाम आपल्या मनाने बंद करू नका. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थेरपीची वाट न पाहता ताबडतोब हॉस्पिटल गाठा.