मॅग्नेशियमच्या प्रयोगात आम्ल दुप्पट घेतलं तरी हायड्रोजन तेवढाच येतो, आणि पुस्तकातल्या उत्तरापेक्षा जास्त येतो. माझं काय चुकतंय?

आम्लाचं आधी सांगते. समजा मॅग्नेशियमची रिबन 0.036 ग्रॅमची आहे, म्हणजे जेमतेम 0.0015 मोल (मोल हे पदार्थातले कण मोजायचं एकक). तिला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं दुप्पट, 0.003 मोल, आणि 2 मोलरचं, म्हणजे लिटरला 2 मोल असलेलं, 5 मिली घेतलं तरी 0.01 मोल होतं. इथे लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, रिबन आहे. ती संपली की वायू थांबला, मग आम्ल कितीही ओता.

जास्त वायू येण्याबद्दल मात्र एकच सांगणं आहे, रीडिंग खोडू नका.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी, इथेच नागपुरात, आमचं हे प्रॅक्टिकल एप्रिलमध्ये भर दुपारी लागलं. बर्नरची ज्योत हलते म्हणून कूलर बंद. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच गरम येत होतं. ज्या टबातल्या पाण्यावर, उलट्या नळीत वायू गोळा करतात, त्यात थर्मामीटर धरला तर 40. 0.036 ग्रॅमच्याच रिबनपासून मला 43 मिली हायड्रोजन मिळाला. सरांनी लाल पेनाने काट मारली. "33 यायला पाहिजे. 22.4 ने गुणून बघ." म्हटलं, सर, दोनदा केलं. "मग दोनदा चुकलीस." शेजारच्या मैत्रिणीचंही 42 आलं होतं. तिने 33.2 लिहिलं आणि पूर्ण मार्क घेतले. माझे कापले गेले.

त्या रात्री मी गणित मांडलं. एक मोल वायूचं आकारमान 22.4 लिटर, पण हे 0 अंशाला आणि 760 मिमी दाबाला. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, उन्हाळ्यात हवेचा दाब 730 च्या आसपास. त्यात वायू पाण्यावर गोळा केलेला, म्हणून नळीत वाफही असते, आणि 40 अंशाला पाण्याच्या वाफेचाच दाब 55 मिमी. तो वजा केला की कोरड्या हायड्रोजनच्या वाट्याला 675 उरतात, आणि आकारमान येतं 42.9 मिली. वाफेच्या दाबाचा तक्ता त्याच जर्नलच्या शेवटच्या पानावर छापलेला होता! दुसऱ्या दिवशी तो सरांना दाखवला, तर म्हणाले, पुस्तकात आहे तेच लिहायचं. मार्क वाढले नाहीत.

आता मी अकरावीच्या मुलांना शिकवते. पाण्याचं तापमान लिहिलेलं नसेल तर मी रीडिंग तपासतच नाही. 33 लिहून आणलेल्या मुलाला प्रयोग पुन्हा करायला लावते, मग त्याचे पालक काही का म्हणेनात.

हवेचा दाब मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरून घेत असाल तर तो सहसा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. नागपूरसाठी त्यातून साधारण 25 मिमी वजा करा. आणि हो, नळीतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी जुळवली नसेल, किंवा नळी उलटी करताना हवेचा बुडबुडा आत राहिला असेल, तर चूक खरंच तुमची आहे. रिबन सँडपेपरने घासली नसेल तर उलट वायू कमी येतो.

तुम्ही तापमान लिहिलेलं नाही. ते आणि रिबनचं वजन कळवा, मी तुमचा आकडा मांडून देते.