मुलगी तिसरीत आहे आणि म्युनिकची ऑफर आलीय, तिकडे शाळेत डावलतात का?

तुम्ही विचारलंय की मिस्टरांना म्युनिकची ऑफर आहे, लेक पिंपरीत तिसरीला आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की तिकडे दहाव्या वर्षीच मुलांची वाटणी करतात आणि आपल्या मुलांना मुद्दाम खालच्या शाळेत टाकतात, हे खरं का. अर्धं खरं आहे, पण ते अर्धं तुम्हाला वाटतंय त्या जागी नाहीये, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आम्ही 2016 ला चिंचवडहून आलो तेव्हा आमची लेक दुसरीत होती, आता अकरावीत आहे.

आधी प्रवेशाचं बोलू. आपल्याकडे फॉर्मसाठी पहाटेपासून रांग, आईबापाची मुलाखत, डोनेशन, आरटीईची सोडत हे जे काय असतं ते इथे सरकारी शाळेत नाही. तुमचा पत्ता ज्या ग्रुंडशुलेच्या म्हणजे प्राथमिक शाळेच्या हद्दीत येतो ती तुमची शाळा, फी शून्य, विषय संपला. पहिलं वर्षभर आम्ही फोनवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की बघा इथे कसं सगळ्यांना सारखं. (कुठल्या हद्दीत कोण राहतं ते घरभाडंच ठरवतं, हे नंतर कळलं.)

चाळणी लागते ती चौथीत. बवेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात येतं तिथे, मे महिन्यात शाळेच्या पहिल्या दिवशी एक प्रगतीपुस्तक हातात देतात, त्यात तीनच विषयांची सरासरी धरतात, जर्मन, गणित आणि हायमाट उंड जाखउंटररिश्ट म्हणजे आपला परिसर अभ्यास. मार्क 1 ते 6 आणि 1 सगळ्यात भारी, सासूबाईंना हे उलटं गणित समजावताना माझा घसा बसला होता. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियुम म्हणजे सगळ्यात वरची शाळा, 2.66 पर्यंत रेआलशुले म्हणजे मधली, त्यापुढे मिटेलशुले म्हणजे खालची. गिम्नाझियुमच्या शेवटी आबिटुअर, म्हणजे आपल्या बारावीसारखी शेवटची परीक्षा, आणि ते असलं की युनिव्हर्सिटीचा सरळ रस्ता. आणि हे राज्याराज्याप्रमाणे बदलतं हां, बर्लिनला प्राथमिकच सहावीपर्यंत आहे, त्यामुळे बर्लिनवाल्या मैत्रिणीचा सल्ला म्युनिकला लावू नका.

तर भेदभाव असला तर तो गेटवर नाही, या तीन मार्कांच्या आत आहे. एक तर परिसर अभ्यासाचा पेपर म्हणजे खरं तर जर्मनचाच दुसरा पेपर, पाण्याचं चक्र पोरीला माहीत असतं पण वाक्य जमत नाही. दुसरं, वर्गात बोलण्याचे मार्क. हात वर करणं, मध्येच मत मांडणं हे सगळं धरतात आणि आपण मुलांना वाढवलेलं असतं की बाई विचारतील तेव्हाच बोल. आमची गप्प बसायची म्हणून शेरा आला की रस कमी आहे. रस कमी नव्हता हो, आज्ञाधारक होती बिचारी. तिसरी गोष्ट नावाची. मानहाइम युनिव्हर्सिटीने 2018 मध्ये एक अभ्यास छापला, शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या 204 जणांना शुद्धलेखन तपासायला दिलं, चुका त्याच, फक्त कुणाच्या कागदावर जर्मन नाव माक्स आणि कुणाच्या तुर्की नाव मुराट. चुका सगळ्यांनी नीट मोजल्या, पण मार्क देताना मुराटला कमी दिले. मला यात सगळ्यात जास्त लागलं ते हे की मोजण्यात गफलत नव्हती, सगळी गफलत मार्क देण्यात. पण याचा अर्थ प्रत्येक बाई तशीच असा काढू नका, लेकीच्या दुसरीच्या बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून तिच्याकडून वाचून घेतलंय, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आमचं काय झालं ते सांगते. 2019 चा मे, जर्मन 3, गणित 2, परिसर अभ्यास 3, म्हणजे 2.66. वर्गशिक्षिका गोड आवाजात म्हणाल्या, रेआलशुले पण छान असते, तिच्यावर ताण नको. आम्ही दोघं मान डोलवून घरी आलो आणि मी रात्रभर रडले. शेजारच्या तुर्की बाईने, जिची दोन पोरं यातून गेली होती, दुसऱ्या दिवशी चहा देत सांगितलं की अगं प्रोबेउंटररिश्टला बसव. म्हणजे गिम्नाझियुममध्येच तीन दिवस चाचणीचे तास, जर्मन आणि गणित, एकात 3 आणि दुसऱ्यात 4 आले तरी पास, आणि दोन्हीत 4 आले तर निर्णय आईबापाचा. बसवलं, जर्मनमध्ये 3, गणितात 2, झालं.

आणि खरा दणका नंतर बसला. ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जो पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता, त्याच्यासाठी सरासरी 3.33 पर्यंत चालते, अट एवढीच की कमी मार्कांचं कारण जर्मन भाषा कच्ची असणं हे हवं आणि ती पुढे सुधारेल असं शाळेला वाटायला हवं. आमची लेक या नियमात बसत होती! कुणी खोटं बोललं नाही, फक्त कुणी सांगितलंच नाही, आणि मला विचाराल तर परक्याला डावलण्याची इथली पद्धत बहुतेक वेळा हीच आहे. तुमची लेकही यात बसेल, म्हणून चौथीच्या सुरुवातीलाच बाईंना लेखी विचारा, मे उजाडायची वाट बघू नका.

तक्रार कुठे करायची असंही विचारलंय. 2006 चा भेदभावविरोधी कायदा आहे पण तो मुख्यतः नोकरी, घरभाडं, व्यवहार यासाठी, सरकारी शाळा राज्यांकडे येतात. बर्लिनने 2020 मध्ये स्वतःचा कायदा केला, बवेरियात तसा नाही. त्यामुळे आधी शाळेतले सल्लागार शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शुलआम्ट म्हणजे सरकारी शिक्षण कार्यालय. आवाज चढवून काही होत नाही, कागद मात्र चालतो.

युनिव्हर्सिटीचं थोडक्यात. इथलं आबिटुअर असेल तर पासपोर्ट भारतीय असला तरी प्रवेशात जर्मन मुलांसारखंच धरतात आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी लागत नाही. भारतातून बारावी करून येणाऱ्याला मात्र म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत 2024 च्या हिवाळी सत्रापासून बॅचलरला सेमिस्टरला 2000 ते 3000 युरो. बरोबर की चूक यावर आमच्या गणपती मंडळात दरवर्षी भांडण होतं.

आता तुमच्यापुरतं. मिस्टर आधी आणि तुम्ही दोघी वर्षाने, असं करू नका, कारण मग ती बरोबर चौथीत शून्य जर्मनवर उतरेल. सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू होतं त्याआधी या आणि शाळेला सांगून परत तिसरीतच बसवा. वर्ष वाया गेलं असं घरचे म्हणतील, म्हणू देत, इथे कुणी ढुंकून बघत नाही. आणि उशीर झालाच तर रेआलशुलेनंतरही आबिटुअरपर्यंत जाता येतं, फक्त फेरा मोठा पडतो. पुण्यात जर्मनच्या ए वनचा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, क्लास आत्ताच लावा, तिच्याबरोबर तुम्हीही, कारण शाळेच्या सगळ्या चिठ्ठ्या तुम्हालाच वाचायच्यात. तिची जन्मतारीख कुठल्या महिन्यातली ते कळवा, म्हणजे कुठल्या वर्गात घालतील ते नीट सांगते.