फोन कुणाचाही असो, कलम विचार

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नगरपरिषदेच्या उमेदवारी अर्जांची वेळ संपून गेल्यावर एक जण धापा टाकत आला, दारात समर्थकांचा गलका, तेवढ्यात वरिष्ठांचा फोन: ‘घेऊन टाका, पुढचं पुढे बघू.’ तू अर्ज घेतला नाहीस आणि आता तुलाच चुटपुट लागलीय. एक उमेदवार वाढला असता तर काय बिघडलं असतं, असं विचारतेस.

ती वेळ तू ठरवली होतीस का? नाही ना? मग वाढवणारी तू कोण? आणि फोन करणारे तरी कोण? संविधानाच्या २४३-झेडए अनुच्छेदाने नगरपालिका निवडणुकांचं नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे दिलंय. पगार शासनाचा असला तरी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या खुर्चीत तू आयोगाचं काम करतेस. वरिष्ठांना नम्रपणे एवढंच विचारायचं: साहेब, कुठल्या कलमाखाली घेऊ?

‘पण हेतू चांगला होता’ हे मला सांगू नकोस. केरळात १९८२ साली पारूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर मतदान यंत्रं वापरली गेली. हेतू चांगलाच होता, आणि निर्णय खुद्द भारत निवडणूक आयोगाचा होता. पण तेव्हाचा कायदा आणि नियम मतपत्रिकेचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवर फेरमतदान घ्यायला लावलं. पुढे १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ आलं, तेव्हा कुठे यंत्रांना कायद्याचा आधार मिळाला. आयोगाला जे जमलं नाही, ते एका फोनवर आपल्याला जमणार आहे? कायदा गप्प असेल तिथे आयोग बोलू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयातल्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात ठरलंय. आयोग, बरं का. आपण नाही, मंत्रालयही नाही.

हेतू वाईट असेल तेव्हा तर बोलायलाच नको. २०२४ साली चंदीगडच्या महापौर निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्याने ८ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तो माणूस सगळ्यांना कळतो. भीती मला मदतीला धावणाऱ्या भल्या अधिकाऱ्याची वाटते. आज तू दहा मिनिटं दिलीस, उद्या शेजारच्या तालुक्यातला कुणी आपल्या माणसाला तासभर देईल आणि तुझंच उदाहरण पुढे करेल.

मला कचेरीत ‘कलमबहाद्दर’ म्हणायचे. बढतीच्या वेळी ते नाव माझ्या आधी पोचलेलं असायचं. एका उमेदवाराला मीही असंच परत पाठवलं होतं. म्हातारा, खरोखर प्रामाणिक माणूस. नंतर कधी रस्त्यात भेटला तर मान वळवायचा. त्याचं वाईट आजही वाटतं. तरी पुन्हा तेच करीन. बायको म्हणते, हा तुझा अहंकार. असेल. पण मी अर्ज घेतला असता, तर वेळेत येऊन रांगेत उभे राहिलेल्यांना काय सांगितलं असतं?

आता कामाचं. त्या फोनची वेळ आणि शब्द टिपून ठेवलेस का? नसतील तर आज लिही. अर्ज न स्वीकारण्याचं कारणही नोंदीत पूर्ण लिही. गिल खटल्यातच न्यायालयाने सांगितलंय की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जातो. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून चालत नाही. तोंडी सूचना आली तर लेखी मागायची. बहुतेक सूचना तिथेच विरतात.

आणि हे वाचून उगाच कडक होऊ नकोस. विधानसभेच्या कामाला लागशील तेव्हा लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३६(४) आधी वाच. दोष गंभीर स्वरूपाचा नसेल तर अर्ज फेटाळायचा नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. नावातली वेलांटी चुकली म्हणून एखाद्याला बाद केलंस, तर मी तुलाही हेच विचारीन: कुठल्या कलमाखाली?

तुझा,
जुना साहेब